दिल्लीत न मिळणारं फूल
परवा मुलाच्या शाळेतल्या प्रयोगशाळेवरून जाताना स्पिरिटचा वास आला आणि मला माझी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. दिल्लीतली फेब्रुवारीची सकाळ होती, खिडक्या बंद असूनही बोटं गारठली होती. समोर ठेवलेलं फूल ब्लेडने उघडून त्याचं चित्र काढायचं होतं, पण त्या गारठलेल्या बोटांत फुलाचा पार चेंदा झाला. दुसरं मागायची हिंमत होईना, म्हणून मी मनानेच एक फूल काढलं. त्याला छत्रीसारख्या पाकळ्या होत्या आणि मधोमध हत्तीसारखी लांब सोंड. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कागद उचलून विचारलं, "ये फूल दिल्ली में कहाँ मिलता है?" मला रडूच फुटलं. "कहीं नहीं, मैम. मैंने बनाया है." आता आपण नापास, असं मी धरूनच चालले. पण बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "अच्छा, तो बताओ, मधुमक्खी इसके अंदर जाएगी कैसे?" मी डोळे पुसले आणि बोट ठेवून सांगू लागले, पराग कुठे, बीजांड कुठे, मकरंद इतका खोल का. त्या विचारत गेल्या, मी बोलत गेले. शेवटी उठताना त्या म्हणाल्या, "ड्रॉइंग में ज़ीरो दूँगी. बाकी तुम्हें सब आता है." मी पास झाले. त्यांचं नाव काही मला कळलं नाही. आता ऑफिसात कुणाची चूक हाती लागली, की आवाज चढायच्या आत त्या बाई आठवतात आणि मी मनोमन त्यांना नमस्कार करते.