बदामाच्या झाडावर आळ

आमच्या भिंतीला भिंत लावून जो राहतो त्याला सगळी गल्ली डागदर म्हणते. त्याला दवाखाना नाही की डिग्री नाही. लोकांच्या बंगल्यांतले पोहायचे तलाव साफ करणं हा त्याचा धंदा. पण तलावाच्या लादीवरचा डाग बघून तो कशाचा, कधीचा आणि कशाने जाईल हे तो अशा थाटात सांगायचा, की नाव चिकटलं. खरं तर मीच चिकटवलं. लोकांना नावं ठेवण्याचं खातं गल्लीत माझ्याकडे आहे.

स्कूटरच्या पुढे बादली, मागे जाळी आणि बाजूला बांधलेला ब्रशचा दांडा. दांडा इतका लांब, की कोपऱ्यावर स्कूटर आधी वळते आणि दांडा जरा विचार करून मागाहून येतो. बोटांची टोकं क्लोरीनने पांढरी पडलेली. अंगाला असा वास, की तो जिना चढू लागला की त्याची बायको आतूनच म्हणते, आला तलाव.

संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून तो मला त्याची विद्या शिकवायचा. डागांच्या जाती दोन. पानाफुलांचे आणि शेवाळाचे डाग एका जातीचे. त्यांच्यावर क्लोरीनची पूड टाकली की फिके पडतात. लोखंडाचे, तांब्याचे डाग दुसऱ्या जातीचे. त्यांच्यावर क्लोरीन टाकलं तर उलट जास्त चढतात. दोन्ही दिसायला सारखे, चहा सांडल्यासारखे. मग ओळखायचं कसं? आपण सर्दीला चघळतो ती व्हिटॅमिन सीची आंबट गोळी डागावर अर्धा मिनिट दाबून धरायची. खाली पांढरं पडलं की समजायचं, धातू. गोळ्यांची बाटली त्याच्या पिशवीत कायम असायची. निम्म्या मीच खाल्ल्या आहेत.

आता दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा दवाखाना रस्त्याच्या बाजूला, घर मागे, आणि दोन्हींच्या मध्ये तलाव. तिथले माळी म्हणजे डागदरचे व्याही. डागदरची एकुलती एक लेक त्यांच्या मुलाला दिलेली. तलावाचं हे काम व्याह्यांनीच बाईंकडे शब्द टाकून डागदरला मिळवून दिलं होतं. व्याही मितभाषी माणूस. जेवढं मी एका चहात बोलतो तेवढं ते महिन्यात बोलत असतील. तलावाच्या कडेला अकरा वर्षांपूर्वी त्यांनी बदामाचं गुडघ्याएवढं रोप लावलं होतं. त्याचं झाड होऊन अर्ध्या तलावावर सावली धरायला लागलं होतं. बदामाची पानं मोठी, लाल होऊन पडणारी. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत व्याही जाळीने ती काढून टाकत.

या उन्हाळ्यात तलावाच्या तळाच्या लाद्या सुटल्या. सगळं पाणी काढलं, लाद्या बसवल्या, आणि पुन्हा भरायची वेळ आली. नळाच्या पाण्याने तीन दिवस लागले असते, म्हणून डागदरने कुणाच्या तरी बोअरचं पाणी टँकरने मागवलं. पाइप धरून व्याही उभे होते. ते बाईंच्या देखत एवढंच म्हणाले, की पाणी जरा तांबूस वाटतंय. डागदरला ते झोंबलं. "व्याही, पानं तुमची, पाणी माझं," तो म्हणाला. बाई हसल्या. व्याहीही हसले, आणि पाइप दुसऱ्या हातात घेतला.

आठ दिवसांत पायऱ्यांवर आणि भिंतीच्या कडेने तपकिरी डाग उमटले. बाईंनी डागदरला बोलावलं. तो वाकला तेव्हा नेमकं डागावरच बदामाचं एक पान येऊन बसलेलं. त्याला आधी पान दिसलं, मग डाग, असं तो आता सांगतो.

पानांचे डाग आहेत, त्याने निकाल दिला. बाईंनी विचारलं, तपासायला नको का, मी तर एक्स-रे बघितल्याशिवाय दाताला हात लावत नाही. त्यावर आमच्या डागदरने काय म्हणावं? मॅडम, बावीस वर्षं झाली या कामात, नजर पुरते. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "पानं रोजच्या रोज निघत नसतील."

व्याही चार हातांवर उभे होते. हातात जाळी, जाळीत त्या सकाळची पानं, अजून निथळणारी.

"रोज काढतो मी," ते म्हणाले.

डागदरने मान वर केली नाही. पाण्यातलं कुणी आपल्याला शिकवायला आलेलं त्याला अजून खुपत होतं, असं तो म्हणतो. मी म्हटलं, खुपणं समजलं, पण पिशवीत बाटली होती ना?

मग त्याने क्लोरीन टाकलं. डाग चढले. आणखी टाकलं, आणखी चढले. कठड्यावर टेकून मला शिकवलेला धडा त्याला स्वतःला आठवायला हरकत नव्हती. पण एकदा तोंडातून निघालेलं मागे घ्यायला त्याची जीभ तयार नव्हती. वरून पानं पडतच राहणार, म्हणून डाग हटत नाहीत, असं त्याने बाईंना सांगितलं. मग बाईंनी करवतवाल्याला बोलावलं.

त्या सकाळी मी बाईंच्या खुर्चीत होतो. दाढेत त्यांचं मशीन घरघरतंय, खिडकीबाहेर करवतवाल्याचं. आत बाई मला सांगतायत, की माळ्याने पानं काढायचा कंटाळा केला म्हणून चांगलं झाड तोडायची वेळ आली. माझं तोंड सताड उघडं आणि बोलायची सोय नाही; आयुष्यात असा प्रसंग माझ्यावर दुसऱ्यांदा आला नाही. पण बधिरपणा उतरायचा अवकाश, मी सगळी कसर भरून काढली. संध्याकाळपर्यंत अकरा घरी बातमी पोचवली. आणि बातमी जरा अळणी वाटली म्हणून वर मीठही टाकलं, की हे माळीबुवा दुपारपर्यंत त्याच झाडाखाली घोरत पडायचे. हे मात्र शंभर टक्के माझ्या पदरचं. मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलेलं नाही. बसलेलंही क्वचितच.

व्याह्यांना कुणी जा म्हटलं नाही. झाड पडलं त्या दिवशी फांद्या गोळा करून त्यांनी जागा झाडून काढली, जाळी धुऊन भिंतीला टेकवली, फाटकाची किल्ली बाईंच्या हातात दिली आणि निघाले. त्याच भागात त्यांच्याकडे आणखी दोन बागा होत्या. आठवड्याभरात त्याही गेल्या. तिथे झोपेची गोष्ट पोचली होती.

डागदरची लेक रोज फोन करायची. बाबा, जेवलात का, आईचा गुडघा कसा आहे, एवढं विचारून ठेवायची. एकदाच ती म्हणाली, की सासरे सकाळी नेहमीच्या वेळेला उठतात, आंघोळ करतात, चपला घालतात आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहतात. यापुढे ती काही बोलली नाही. डागदर म्हणतो, भांडली असती तर बरं झालं असतं.

झाड जाऊन पंधरा दिवस झाले. पान पडायला वर काही उरलं नव्हतं, आणि डाग वाढतच होते. पाणी जातं त्या जाळीभोवती एक नवीनच गोल उमटला. बाईंनी डागदरला बोलावून नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि पेशंट बघायला गेल्या. मग एकटाच बसून डागदरने पिशवीतून बाटली काढली. पहिल्या पायरीवर गोळी दाबली. उचलली. खाली नखाएवढं पांढरं वर्तुळ, कोऱ्या लादीसारखं. त्याने दुसरीकडे गोळी दाबली, मग तिसरीकडे. एक तरी डाग तसाच राहू दे, असं मनात म्हणत होतो, तो म्हणाला. तिन्ही पांढरे पडले. समोर बुंधा होता.

आता यातली गोम बघा. हे ठाऊक झालेला माणूस जगात एकच. त्याने गुपचूप सगळं साफ केलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? झाड गेलं, डाग गेले. व्याही कायमचे कामचुकार आणि डागदर कायमचा डागदर.

आणि तो तसंच करायला लागला होता. मोज्यात व्हिटॅमिन सीची आंबट पूड भरून त्याने भिंत आणि पायऱ्या घासायला घेतल्या. दुपारी बाई बाहेर आल्या. एकच पायरी राहिली होती. लखलखीत लाद्या बघून त्या म्हणाल्या, की चला, झाड गेलं ते बरंच झालं, तुमची नजर खरी ठरली.

"आणि मी मान हलवली," डागदरने मला सांगितलं. "होकारार्थी."

शेवटची पायरी तशीच ठेवून तो घरी आला, आणि दोन दिवस कामावरच गेला नाही. मला काय कल्पना! जिन्यात गाठून मी त्याला छेडलं: काय डागदर, नुसत्या नजरेने झाड आडवं केलंत म्हणे, आता कुणाची पाळी? एरवी त्याने मला दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी तो माझ्या अंगावरून आत गेला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, शेफारला. माझी बायको म्हणाली, तुम्हाला माणसाचं तोंड वाचता येत नाही, नुसतं स्वतःचं चालवता येतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीच्या घरी गेला. व्याही चपला घालून खुर्चीवर होते. डागदर आत आला नाही, बसला नाही. बाईंकडे येता का, थोडं काम आहे, असं म्हणाला. माझं तिथे आता काय काम, व्याह्यांनी विचारलं.

"तुमचं नाही. माझं आहे. चला."

लेक पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तो पेला कुणीच घेतला नाही.

व्याही मागे बसले. त्यांनी डागदरला धरलं नाही. दोन्ही हातांनी ब्रशचा दांडा धरला.

बाईंना त्याने खुर्चीतला पेशंट सोडून बाहेर बोलावलं. राहिलेल्या पायरीपाशी व्याह्यांना बसवलं, गोळी त्यांच्या हातात दिली आणि डागावर दाबून धरायला सांगितलं. ते घेईनात. डागदरने हात जोडले, तेव्हा घेतली. गोळी उचलली, तर खाली पांढरं.

म्हणजे काय, बाईंनी विचारलं.

"म्हणजे लोखंड. बोअरच्या पाण्यातलं. ते पाणी मी आणलं. व्याही हे तेव्हाच सांगत होते. झाडाचा काही संबंध नव्हता, आणि परवा मी मान हलवली तीही खोटी."

व्याह्यांनी ते वर्तुळ अंगठ्याने चाचपलं.

"एवढंच करायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वेळ किती लागतो?"

"अर्धा मिनिट."

व्याह्यांनी उरलेली गोळी काठावर ठेवली, हात पँटला पुसले आणि फाटकातून पायी निघून गेले. डागदर स्कूटर घेऊन मागून बरंच अंतर हळूहळू गेला. ते बसले नाहीत.

बाईंनी नंतर पुन्हा कामावर या म्हणून निरोप पाठवला. व्याह्यांनी सुनेकरवी कळवलं, की मॅडमना नमस्कार सांग, पण तिथे आता जाळी मारायला काही उरलेलं नाही.

पायरीपाशी हे घडलं त्याच संध्याकाळी डागदर आमच्या गॅलरीत आला. कठड्यावर टेकला नाही, समोर उभा राहिला. हे सगळं त्याने सांगितलं ते तेव्हाच. सांगून झाल्यावर म्हणाला, "भाऊ, पहिली गोष्ट तुम्ही जितक्या घरी सांगितलीत, तितक्या घरी आता ही सांगा. माझं नाव घेऊन सांगा. माझ्या तोंडून कुणाला खरं वाटणार नाही, व्याह्यांकरता सारवासारव करतोय म्हणतील. तुमचं पोचतं."

मी म्हटलं, अकरा घरं आहेत, दोन दिवसांत उरकतो.

"चौदा," आतून बायको म्हणाली.

मग डागदर म्हणाला, की पानांचं मी बोललो ते कबूल, पण झोपायचे म्हणून कुणी उठवलं ते कळत नाही, दोन बागा त्या एका वाक्याने गेल्या. माझ्याकडे तेव्हा बधिरपणाचं निमित्तही नव्हतं. तोंड चांगलं चालत होतं. तरी ते मीच उठवलं होतं, हे चार शब्द बाहेर काढायला मला दाढ उपटण्याइतका वेळ लागला. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला कठड्यावरून खाली टाकतो. टाकलं असतं तर एक हिशेब मिटला असता. पण तो म्हणाला, "उद्या आठ वाजता खाली या. मी सोडतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही फिरतोय. आणि एक गोष्ट मला या वयात कळली. पहिली बातमी मी दारात उभ्याने सांगितली होती, तरी लोकांनी खुर्च्या दिल्या, चहा टाकला, मग, मग म्हणून विचारलं. ही बातमी मी बसून, नीट, पहिल्यापासून सांगतो. एका घरी म्हणाले, हो का? एका घरी विचारलं, कुठला माळी? तिसऱ्या घरी मला मध्येच तोडून पाणीकपातीचं विचारलं.

गेलेल्या दोन बागांपैकी एकीची मालकीण म्हणाली, बरं, पाठवा त्यांना सोमवारी. दुसऱ्या बागेत माळी ठेवून झाला होता, तो रोपांना पाणी घालत होता. तिथल्या आजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही स्वतः पाहिलं असेल असं वाटलं आम्हाला. एवढं खात्रीने सांगत होतात."

मी उठलो. चपला घालताना उजवी डाव्या पायात गेली.

फाटकाबाहेर डागदर स्कूटरला टेकून उभा होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"झोपेचंही?"

"तेही."

त्याने आत त्या नव्या माळ्याकडे एकदा पाहिलं, दांडा माझ्या हातात दिला आणि स्कूटरला किक मारली. "बसा," तो म्हणाला. "पुढचं घर कुठलं?"