रोज एकच पान

आमच्या नगरातल्या मोकळ्या प्लॉटवर आधी उकिरडा होता, आता बाग आहे. बाग आम्हीच राखतो, म्हणजे निवृत्त झालेली आणि घरात ज्यांचं फारसं कुणी ऐकत नाही अशी मंडळी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरात साठवलेलं आधीचं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायची आमची जुनी खोड. मी शाळेत बाई होते. सवयीने सगळ्यांना दटावलं, ओतायचंच आहे तर झाडांना ओता. त्या शिळ्या पाण्यावर कडुनिंब, करंज, कण्हेर, सगळं फोफावलं. बेल तेवढा वाळत चालला.

तो मी लावलेला. नर्सरीतून स्कूटरवर पायांत धरून आणलेला, म्हणून जीव अंमळ जास्तच. आमच्याकडे महादेवाचे भक्त घरोघर. श्रावणात झाडाची पार दशा झाली. मी पाटी लावली, 'पाने तोडू नयेत'. दुसऱ्या दिवशी पाटीला हळदकुंकू वाहिलेलं आणि झाड ओकंबोकं. पुढे बुंध्याशी दूध ओतायलाही सुरुवात झाली, मुंग्यांचं फावलं. बागेच्या बैठकीत ठरलं की पुढच्या श्रावणापर्यंत वाट बघायची. बेल जगला नाही तर उपटून तिथे शोभेचा पाम लावायचा. पामाचं नाव ऐकून माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बाकावर जाऊन बसले. चोर सापडला, तर ते गल्लीतले आप्पा. मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचे, डाळीचे व्यापारी, कपाळावर विभूतीचे पट्टे. बागेला सगळ्यांत जास्त घागरी त्यांच्याच घरून यायच्या.

"आप्पा, झाडाला पाणी घालता आणि वर त्याची हजामतही करता?"

"एकच पान घेतो की हो बाई. जास्त न्हाय."

खरंच होतं ते. प्रत्येक जण एकच पान घेत होता. भांडायचं राहूनच गेलं. मग विचारलं, "आप्पा, बेल शिळा होतो का?"

"न्हाय की. धुऊन परत वाहिला तरी चालतो. जुनी माणसं तसंच करत होती."

"मग? पाणी शिळं होत नाही ते आपण शिळं म्हणून ओततो, आणि बेल शिळा होत नाही तर रोज ताजा तोडतो."

 आप्पा हातातलं पान उपरण्याच्या टोकाला बांधून म्हणाले, "हे पुरतंय मग मला."

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. घरोघर गेले, म्हाताऱ्यांशी कानडीत बोलले, सुनांशी मराठीत. श्रावणापासून घसा फोडून माझं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचं ऐकलं. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. दूध बंद झालं, मुंग्या गेल्या. उन्हाळ्यात बेलाला तांबूस पालवी फुटली तेव्हा मी दोनदा चष्मा पुसून पाहिला.

पण खरी परीक्षा श्रावणातला पहिला सोमवार. त्या पहाटे मी बागेत गेले. बेल हिरवागार उभा होता. बायका येत होत्या, तांब्याभर पाणी घालत होत्या, घरून आणलेलं धुतलेलं पान झाडाला टेकवून परत नेत होत्या. काही पानं पार सुकून करकरीत झालेली. तेवढ्यात कुणीतरी नवखी बाई ताट घेऊन आली आणि तिने सरळ फांदीला हात घातला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी आप्पाच पुढे झाले.

"ओ ताई, तोडू नका. आमचं झाड हाय ते."

इतके दिवस मी त्याला माझा बेल म्हणत होते. डोळे भरून आले. मग आप्पांनी उपरण्याची गाठ सोडली आणि आपलं पान त्या बाईच्या ताटात ठेवलं.