त्याच्या वाटचं ताट

माझा नवरा गेल्यापासून आमच्या घरात जेवताना तीन ताटं मांडली जात. एक माझं, एक सासूचं अन् एक त्याच्या नावाचं. तेरवी झाली, नातेवाईक आपापल्या गावाले गेले, कोणी मुधोळले, कोणी निर्मलले. सासूनं मात्र ते ताट मांडणं सोडलं नाही. त्यात दोन भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, वरून तेलाची धार. आधी एक घास कावळ्याले टाकायचा, अन् बाकीचं घरातल्या माणसानंच संपवायचं. लेकाच्या वाटचं मायनं खाऊ नाही, असं तिचं म्हणणं. मंग उरलं कोण? मी.

आधी रडत रडत खाल्लं. मंग न रडता खाल्लं. पुढं पुढं तर स्वतःचं ताट संपलं की माझा हातच तिकडं जाय. खरं सांगते, भूक नव्हती ती. ते ताट नाही म्हटलं म्हणजे मी त्याले घराबाहेर काढलं, असं वाटे मले. अन् अंग सुटत गेलं त्याचंही मले बरंच वाटलं. गुडीहत्नूरच्या आमच्या किराणा दुकानात एकटी बाई बसली की गिऱ्हाईक कसं पाहते, ते बायांले सांगा लागत नाही. जाडी झाली तशा त्या नजरा सरल्या. आधी जे "भाभी, भाभी" करत, ते "अम्मा" म्हणायले लागले. बेस झालं, म्हटलं, एक कटकट गेली.

पण पोटात गाठ निघाली. महिन्यातले अर्धे दिवस अंगावरून जाय. दुकानाच्या पायऱ्या चढताना डोळ्यापुढं अंधारी ये. आदिलाबादची डॉक्टरीण तेलुगूत म्हणे, "बरुवु तग्गाली, अम्मा." आधी वजन उतरवा, शुगर उतरवा, तेव्हाच भूल देता येईल, अशीच टेबलावर घेतली तर तुमी उठसान याची खात्री नाही. अन् जास्त थांबलं तर अंगात रक्तच राहायचं नाही. इकडं आड अन् तिकडं विहीर! त्या दिवशी बसमध्ये मी घरापर्यंत तोंडाले पदर लावून बसली होती.

मी बूट आणले. पहाटे चालायले निघाली तर गावात पहिला सवाल, "कुठं चालली?" आमच्याकडं बाईमाणूस उगाच चालत नाही ना! म्हणून हातात इळा घ्यायचा, जशी काही गवत कापायले चालली. दारात जनावर एक नाही अन् मी निघाली गवताले! लोक हसत. हसू द्या, म्हटलं. चालून आली की छाती धडधडे, पण जीव जरा हलका वाटे. दुपारी मात्र ते ताट पुढं यायचंच, अन् मी खायचीच.

एका सकाळी बूट गायब. सासू ओसरीवर चूपचाप तांदूळ निवडत बसलेली. घर सारं धुंडाळलं. शेवटी भाकरीच्या दळणासाठी ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर हाताले बूट लागला! मले चपलेनं ओसरीवर चढू न देणारी ही बाई, तिनं बूट धान्यात पुरले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलली असती तर काहीबाही निघालं असतं तोंडातून, म्हणून तशीच दुकानात जाऊन बसली.

दुपारी तिनं पुन्हा तीन ताटं मांडली. कावळ्याले घास टाकून आली अन् त्याचं ताट माझ्याकडं सरकवलं.

"मी नाही खाणार," मी म्हटलं.

"काऊन? त्याचं हाय ते."

"म्हणूनच नाही."

तिनं ताट पुढं सरकवलं, मी मागं सरकवलं. तिनं पुन्हा पुढं. वरण सांडलं. या ताटापायी मी मरीन, तरी ही बाई सरकवणं सोडणार नाही, असं वाटलं मले.

"बूट काऊन लपवले, आत्याबाई?"

ती भिंतीकडं पाहत बोलली. "तू बारीक होशीन. पयल्यासारखी दिसशीन. मंग तुझा भाऊ येईन, तुले दुसरं घर पाहून देईन. मी कोणाच्या तोंडाकडं पाहून राहू इथं?"

माझा राग कुठं गेला, कोणास ठाऊक. इतके दिवस मी समजत होती, म्हातारी लेकाले जेवू घालून राह्यली. ती मले बांधून ठेवून राह्यली होती. अन् मीही बांधून घेतलं होतं, कारण बाहेर निघायची मलेही तितकीच भीती होती.

"मी कुठं जात नाही," मी म्हटलं. "पण ऑपरेशन नाही झालं, तर मले न्यायले भाऊ नाही येणार. तुमचा लेक येईन. चालते का तुमाले?"

बाहेर गिऱ्हाईक हाका मारून राह्यलं होतं, मी उठली नाही. मंग तिनं ते ताट आपल्याकडं ओढलं. भाकरी मोडली, वरणात बुडवली, तोंडात घातली. लेकाच्या वाटचा तो घास गिळताना तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तसा त्याले मसणात नेलं त्या दिवशीही मी ऐकला नव्हता. मी तिले थांबवलं नाही. पाण्याचा गिलास फक्त जवळ ठेवला. तिनं सगळं संपवलं, ताट बोटानं पुसून.

हात धुऊन आली अन् म्हणे, "उद्यापासून दोघीपुरतंच पीठ मळ."