नवरदेवांचा मास्तर

दिग्रसमध्ये असा एकही धंदा उरलेला नाही, ज्यातून माझ्या मावसभावाला प्रेमाने हाकलून दिलेलं नाही. प्रेमाने हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ज्यांनी ज्यांनी त्याला कामावरून काढलं, ते सगळे आजही त्याला रस्त्यात थांबवून चहा पाजतात, घरच्या लग्नांना आग्रहाने बोलावतात आणि त्याची पाठ वळली की म्हणतात, "मानूस सोन्याचा हाय, फक्त कामावर ठेवाचा नाही." माझ्यापेक्षा तो बराच मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मान जराशी पुढे आलेली. समोरच्याचं बोलणं ऐकायला ती बाकीच्या अंगाच्या आधीच घरून निघाली असावी, असं वाटतं.

पहिली नोकरी जिनिंगमध्ये. तिथे कापसाच्या गंजीवर त्याला अशी गाढ झोप लागे की मालकाला त्याला उठवायचं जिवावर यायचं. शेवटी एका दुपारी मालकानेच त्याला हलवून जागं केलं आणि म्हणाला, "बापू, घरीच झोपत जा, इथं धूळ लागते." मग दादा दारव्ह्याच्या जीपवर प्रवासी गोळा करायला लागला. आवाज खणखणीत, त्यामुळे गाडी भरायची भराभर. पण ती सुटेपर्यंत गप्प बसणं त्याला जमत नसे. कोण कुठे चाललंय, कशाला चाललंय, याची तो मनापासून चौकशी करी. सुनेशी भांडून लेकीकडे निघालेल्या एका बाईला त्याने इतकं समजावलं, की ती पिशवी उचलून घरी परतली. तिच्या मागोमाग, भावाशी कोर्टात लढायला निघालेले एक काका उतरले. त्यांच्याबरोबर त्यांचा साक्षीदार उतरला. जीपवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "भाऊ, तू गाडी भरून राह्यला का खाली करून राह्यला?"

पुढे त्याने लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. एका लग्नाची कॅसेट घरच्यांनी हौसेने लावली, तर सगळीभर वधूपिता. वधूपिता पाहुण्यांचे पाय धरतोय, वधूपिता मांडवाच्या खांबाला टेकून उभा आहे, वधूपिता उपरण्याने डोळे पुसतोय. नवरदेव एकदाच दिसला, तोही पाठमोरा, जेवताना. वरपक्ष भांडायला आला तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "नवरदेव तुमच्या घरीच हाय, रोज पाहा. पन बाप असा पुन्हा दिसनार हाय का?" वरपक्षाला पटलं नाही. वधूपित्याने मात्र ती कॅसेट मागून घेतली आणि अजून जपून ठेवली आहे.

लग्नांत इतका वावरल्यामुळे असेल, त्यानंतर तो सोयरिकी जुळवायला लागला. हा धंदा अर्धवट खरं बोलण्यावर चालतो आणि दादा पूर्ण खरं बोलायचा. "पोरगा कसा आहे?" असं विचारलं की हा सांगणार, "पोरगा चांगला हाय. घोरते मात्र. अन् चिडला का दोन दिवस बोलत नाही." एकही लग्न जुळलं नाही. पण या खटाटोपात तो अनेक घरांच्या बैठकीत बसला आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे हल्ली शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. कापूस, तूर, सोयाबीन, विहीर, सगळं असलं तरी मुलीकडचे आधी नोकरी विचारतात. आणि अशात एखादीने चुकून बघायला बोलावलंच, तर आमचे मुलगे तिथे जाऊन मोबाईलकडे बघत बसतात. "तिले त्याचा आवाजच ऐकू येत नाही," दादा म्हणाला, "तर ती हो कायले म्हनन?"

झालं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली त्याने घेतली आणि पाटी लावली: 'येथे मुलगी पाहण्यास जाणाऱ्यांची तयारी करून घेतली जाते.' गाव आठवडाभर हसलं. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी, तोंडाला रुमाल बांधून, मुलगे जिना चढायला लागले.

मी शाळेत मास्तर आहे, पण इतका कडक वर्ग मी कधी घेतला नाही. दादा मुलीचा बाप व्हायचा, मामा व्हायचा, आणि डोक्यावर दुपट्टा घेऊन मुलगी झाला की चांगल्या धिप्पाड मुलांना घाम फुटायचा. एकाने विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" तर दुपट्ट्याआडून प्रश्न आला, "मले येते. तुमाले काय येते?" त्या मुलाला ट्रॅक्टर सोडून काही आठवेना. मग दादाने सगळ्यांना खालच्या टपरीवर नेऊन चहा करायला शिकवलं. हे एका मुलाच्या वडिलांना कळलं, तेव्हा ते तणतणत आले. "माझ्या पोराले बायको पाह्यजे, हॉटेल नाही टाकाचं!" दादाने त्यांना खुर्ची दिली, त्यांच्याच मुलाने केलेला चहा पाजला. वडील तो सगळा प्यायले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "साखर कमी हाय." मुलगा दुसऱ्या दिवशीही आला.

मी हे सगळं बाजूने बघून हसत होतो. पण मग माझ्याच धाकट्या भावाची, पप्पूची, पाळी आली. पप्पू दारव्ह्याकडच्या आमच्या गावी राहून शेती बघतो. सरळ, कष्टाळू, आणि बायकांसमोर मुका. चार-पाच ठिकाणी नकार आल्यावर त्याने आरशात बघणंच सोडलं होतं. आई देवापुढे बसली की तिचे ओठ हलायचे आणि ती कशासाठी पुटपुटते आहे, हे त्याला कळायचं. मीच त्याला दादाकडे नेऊन सोडलं. दोन महिने तो जिना चढला.

पुसदजवळच्या एका गावाहून बोलावणं आलं, तेव्हा बाबा, मी आणि पप्पू यांच्याबरोबर दादाही निघाला. मुलगी बी.एस्सी. झालेली, तब्येतीने बारीक, नजरेने धीट. पप्पू सुरुवातीला बरा बोलला. दादाच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या चेहऱ्यावर असते ती प्रसन्नता पसरली. मग मुलीने सरळ विचारलं, "मी दारव्ह्याच्या शाळेत नोकरीसाठी प्रयत्न करून राह्यली. लागली तर रोज जाईन. चालन का?"

पप्पूने आधी बाबांकडे पाहिलं. बाबा घसा खाकरून काहीतरी बोलणार, एवढ्यात दादाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग पप्पूने दादाकडे पाहिलं. दादा पंख्याकडे बघत होता. असा एकटक, जणू पंखा पसंत करायलाच आला होता. कोणीच वाचवायला येत नाही हे कळल्यावर पप्पू जमिनीकडे बघत म्हणाला, "आमच्या गावात सकाळची बस थांबत नाही." मुलीचा चेहरा उतरला, तसा तो घाईने पुढे म्हणाला, "फाट्यावर थांबते. मी गाडीवर नेऊन सोडत जाईन. संध्याकाळी न्यायले येईन. वावरात पानी द्याची पाळी असली तरी येईन."

मुलगी हसली नाही, लाजली नाही. तिने त्याच्यापुढे सरबताचा ग्लास सरकवला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आजीने दादाकडे मोर्चा वळवला.

"तुमी मोठे भाऊ का? लेकरं किती?"

"लग्न नाही झालं, आजी."

"मंग या पोट्ट्यायले कायचं शिकवता?"

दादा हसला. "आजी, खड्डे कुठं कुठं हायेत, ते पडलेल्यालेच मालूम असते."

सगळे हसले. परतीच्या जीपमध्ये बाबा पुढे बसले, पप्पू खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होता. दादा मात्र दिग्रस जवळ आलं तरी कोणाचीही चौकशी न करता बसला होता. मी हळूच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही रे. एका पोरीनं मलेही विचारलं होतं. 'मी पुढं शिकली तर चालन का?' म्हने. मी बाबाकडं पाह्यलं. बाबा म्हनले, पाहू. मंग आमी घरी आलो."

त्याचे बाबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. ती मुलगी कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तो माझ्याशी बोलत होता, पण मान पहिल्यांदाच मागे, सीटला टेकलेली होती.

मुलीकडून होकार आला आणि पप्पूचं लग्न थाटात झालं. मांडवात दादाचे जुने मालक झाडून सगळे आले होते. जीपवाल्याने तर वरातीला स्वतःची गाडी दिली. पंगती आटोपल्यावर आम्ही दोघे रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसलो होतो. पप्पू आणि त्याची बायको थोरांच्या पाया पडत फिरत होती. दादाच्या पाया पडताना तिने त्याला वाकून विचारलं, "जेवले ना तुमी?" तो कसनुसा हसून "हो हो" म्हणाला. ती पुढे गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "दादा, अजूनही पाहता येईल. एखादी चांगली, तुझ्याएवढी, एकटी असलेली बाई असेलच की कुठे तरी. मी येतो तुझ्याबरोबर."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येशील तू, ते खरं. पन मले कोन शिकवन, बाबू?"

तेवढ्यात रुमालाची गाठ सोडत एक मुलगा बिचकत जवळ आला आणि म्हणाला, "सर, येत्या रविवारी मले पाहाले जाचं हाय." दादा लगेच उठला, शर्ट नीट केला, शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला समोर बसवून म्हणाला, "मोबाईल खिशात ठेव. आता सांग, कोनतं गाव?"