मरळ धरायची सभ्य पद्धत

मारेगावकडच्या आमच्या तलावावर मोठी मरळ धरायची एकच थोर पद्धत होती. पिल्लांचा लाल घोळका दिसला की त्यातच गळ टाकायचा. पिल्लं राखणारी मरळ चवताळून येते आणि लागते. याला म्हणे कसब लागतं. मी संतापून पत्रक छापलं: 'आईबापांना पोरांसमोर मारू नका.' या कसबाचे उस्ताद, म्हणजे माझे काका, त्याच पत्रकावर भजी घेऊन बसले.

"पत्रकं वाटून मासा लागते काय बे? दुसऱ्या तऱ्हेनं धरून दाखव, मंग आमी हे सोडतो."

आता धरणं भाग होतं. पंधरा दिवस रिकाम्या हातानं परतलो, कारण गप्प बसायची मला सवयच नव्हती. मग ध्यानात आलं की मरळ श्वास घ्यायला वर येते, आणि बहुतेक त्याच जागी येते. हिवाळाभर घड्याळ घेऊन बुडबुडे पाहिले. शेवटी बेशरमाच्या झुडपाजवळ, ती वर यायच्या जरा आधी मासोळी लावून गळ टाकला. हाताएवढी मरळ लागली.

काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "हे पत्रकात काहून नाही लिहिलं?"

खरंच नव्हतं. तीन परिच्छेद नुसता धिक्कार होता. मग दुसरं पत्रक छापलं. त्यावर मात्र कोणी भजी खाल्ली नाही.