पालथा पेला

वामनराव सातार्डेकरांना रात्री झोप लागत नाही. लागते ती दुपारी. पेज जेवून पडवीतल्या आरामखुर्चीत पाय लांब केले की पापण्या जड होतात. आजही तसंच होतंय. मागच्या दारी त्यांच्या पत्नी शालनबाई भांडी घासताहेत. तो खणखणाट आधी जवळून येतो, मग लांबून, मग कुणी काचेचे पेले विसळत असावं तसा येऊ लागतो. आपल्या घरात इतके काचेचे पेले कुठून आले, असं वामनरावांच्या मनात येतं, तोवर पडवीची पायरी संपलेली असते आणि नदी सुरू झालेली असते.

तेरेखोलचं पाणी भरतीनं फुगलंय. गोव्याकडच्या उतारावर काजूची बोंडं पिकून गळताहेत, त्यांचा आंबूस वास हवेत कोंदलाय. एप्रिल म्हणजे हुर्राकाचे दिवस. काजूच्या रसाची ही पहिली, कोवळी दारू पाऊस आला की संपते. म्हणून वामनराव आणि गुणाजी राऊळ वर्षातून एकदा, याच महिन्यात, काठाकाठानं पाच तावेर्न पायी करायचे. कौलारू छप्पर, दोन-तीन टेबलं, भिंतीवर क्रूस आणि काउंटरमागे सगळ्यांना नावानं ओळखणारा मालक, अशी ती जुनी दुकानं. गुणाजी एस्टीचा ड्रायव्हर, वामनराव त्याच गाडीचे कंडक्टर. दोघं निवृत्त झाले तरी ही फेरी चुकली नव्हती. चुकली ती गेल्या वर्षी.

चुकली म्हणजे वामनरावांनीच चुकवली. गुणाजीचा फोन आला तेव्हा गुडघे ठणकत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि कंटाळाही आला होता. शेवटच्या वळणावर पासकूचं तावेर्न. ते नसेल तर गुणाजी बाकीच्या चारांना हिंग लावूनही विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी सांगून टाकलं, पासकूचं दुकान बंद पडलं. 'बरा' म्हणून गुणाजीनं फोन ठेवला. आषाढात तो गेला, आणि हे खोटं वामनरावांच्या घशाशी अडकून राहिलं. शालनबाईंनाही त्यांनी ते सांगितलेलं नाही.

आता ते एकटेच चालताहेत. पहिल्या तावेर्नात टेबलांच्या जागी एस्टीची बाकं आहेत, हिरवं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आलेला. काउंटरवरची बाई म्हणते, "गुणाजी? तो फुडें गेलो." दुसऱ्या दुकानात शिरतात तर आत त्यांच्या शाळेचा वर्ग, फळ्यावर कुणीतरी फक्त 'पुढे' लिहून ठेवलेलं. जन्मभर लोकांना 'पुढे चला, पुढे जागा आहे' सांगितलं, त्याचं हे फळ, असं वामनराव पुटपुटतात. गुडघे मात्र स्वप्नातही सवलत देत नाहीत.

पासकूचं दुकान तसंच आहे. खिडकीतून नदी दिसते. गुणाजी खाकी शर्टात बसलाय. पुढ्यात हुर्राक, त्यात मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक पेला पालथा घातलेला. पासकूकडची ही जुनी रीत. ज्याचा पेला पालथा, तो माणूस वाटेवर आहे. त्याच्या खुर्चीत दुसऱ्यानं बसायचं नाही.

"इलंस? जेवलंस?" गुणाजी विचारतो.

"पेज जेवलंय."

"दमलेलो दिसतंस."

"दमलंय रे. बसतंय जरा."

वामनराव बसतात. मेलेल्या माणसाला काय विचारायचं ते सुचत नाही, म्हणून जे वर्षभर घशाशी आहे तेच बाहेर पडतं.

"गुणाजी, ह्या दुकान बंद पडूकच नाय. मी तुका फोनार खोटा सांगलंय."

गुणाजी मिरचीचं देठ मोडतो. "माका म्हायत आसा."

"कसा?"

"अरे, चाळीस वर्सां हय बसलव. दुकान मेला म्हणान तू सांगलंस, तेच्या मयताक तरी जावक नको? म्हणान दुसऱ्या दिवशी मी इललंय. बगतंय तर पासकू दारात उभो, लुंगी झाडता!" गुणाजी हसतो.

वामनरावांना हसू येत नाही. "एकटोच इललंस?"

"एकटो कसो? तुझो पेलो पालथो घातललो मां. सांजवेळपर्यंत बसलंय. पासकू म्हणालो, ह्यो आता उचलू? म्हटलंय, तो येयपर्यंत रवांदे. कंडक्टर चढल्याबिगर गाडी खयसून सुटतली?"

खिडकीतली नदी आता गाडीच्या पुढच्या काचेतून दिसावी तशी दोन्ही बाजूंनी मागे सरकतेय. वामनरावांना वाटतं, यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

"शिव्यो घाल मरे," ते म्हणतात.

"शिव्यो नंतर. खरा सांग, माझो कंटाळो इललो मां तुका?"

"गुडघ्यांचो." वामनराव म्हणतात. आता खोटं बोलायची ताकद नाही. "आणि थोडो तुझो. ती घाटातल्या म्हशीची गोष्ट किती वेळा आयकतलंय?"

"अजून पुरी खय झाली ती!" गुणाजी खो खो हसतो, आणि वामनरावांना आता डोळ्यांतलं पाणी आवरत नाही. किती बरं वाटतंय इथे. गुडघे गार पडलेत. उठायलाच नको, असं वाटतं आणि ते पालथा पेला सरळ करायला हात पुढे करतात.

गुणाजी त्यांच्या हातावर हात ठेवतो. गिअर बदलून बदलून घट्टे पडलेला तो जड पंजा. वामनरावांचा तळवा पेल्याच्या बुडावर दाबला जातो, दुखेपर्यंत.

"ह्यो नको. ह्यो सरळ केलंस तर परत उठूक जमाचा नाय. आदी पासकूकडचो कर."

"ह्या दुकान पासकूचाच मां?"

"पासकूचा खरा दुकान थय नदीर आसा," गुणाजी म्हणतो, "जा."

वामनराव डोळे उघडतात. ऊन पडवीच्या कठड्यावरून उतरलंय. शालनबाई चहाचा कप घेऊन उभ्या आहेत आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघताहेत. तळव्यावर एक गोल वळ उमटलाय, लालभडक, पेल्याच्या बुडाएवढा.

"खयच्या भांड्यार हात दाबून निजललात?" त्या विचारतात.

वामनराव आजूबाजूला बघतात. खुर्चीजवळ काहीच नाही. पेजेची वाटी कधीच धुवून पालथी घातली गेलीय, तीही मागच्या दारी.

"उद्या पासकूकडे जातंय," ते म्हणतात.

"ह्या उन्हात? गुडघ्यांका विचारलात?"

वामनराव वळ मुठीत मिटून घेतात.

"तेंका कोण विचारता? माझो पेलो वरसभर पालथो पडलो हा थय."