स्लायगोतला इव्हँडर

घुगऱ्या शिजायचा वास आला की मला भाच्याचं बारसं आठवतं. लॉकडाऊनमुळे पाळणा स्लायगोत आणि मी, नाव ठेवणारी आत्या, वॉटरफोर्डला. त्यामुळे बाळाच्या कानात नाव फोनवरूनच सांगायचं होतं. भाऊ-वहिनीने ‘इव्हँडर’ ठरवलं होतं: ग्रीक, अर्थ भला माणूस, आयर्लंडभर शोधून सापडणार नाही. “कोणी ठेवत नाही त्याला कारण असेल,” आई पुण्याहून मला म्हणाली. तिला आमच्या गेलेल्या वडिलांचं नाव हवं होतं. “तू कानात तेच सांग, कोणाला कळतंय!” भावाने फोन बाळाच्या कानाशी धरला, मी हळूच वडिलांचं नाव सांगितलं. फोन स्पीकरवर होता. वहिनी शांतपणे म्हणाली, “ताई, हे मधलं नाव झालं. आता पहिलं सांगा.” सांगितलं. आई आजही हाक मारताना पहिलं नाव गाळते, आणि तो बिनतक्रार ओ देतो.